कुडा : एका नावाची दोन झाडे

औषधांचा इतिहास लिहावयास बसले की आपण रोगांची नावे लिहितो, शोधकांची लिहितो, साथी आणि राजे यांची लिहितो. झाडाचे नाव मात्र गृहीत धरून पुढे जातो. झाडाला एकदा नाव पडले की ते जणू पाषाणावर कोरले गेले! वस्तुस्थिती तशी नाही. नाव ही मोठी निसरडी वस्तू आहे. ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर घसरते, आणि त्याबरोबर पहिल्याची कीर्ती दुसऱ्याच्या पदरी व दुसऱ्याची अपकीर्ती पहिल्याच्या माथी पडते. आपल्या कोकणात पावलोपावली उगवणाऱ्या कुड्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. दोन हजार वर्षे ज्याने लोकांची पोटे सांभाळली ते हे झाड एके काळी युरोपच्या बाजारात खोटे ठरले, आणि ते झाडाच्या दोषामुळे नव्हे, नावाच्या घोटाळ्यामुळे. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

मुंबईहून निघालेला गोव्याचा रस्ता पेण ओलांडून वडखळला येतो आणि तेथे त्याला फाटा फुटतो. एक वाट धरमतरची खाडी ओलांडून अलिबागेस जाते, दुसरी नागोठण्यावरून महाडकडे. नाक्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे तर खाऱ्या जमिनी, भाताची खाचरे आणि त्यांना समुद्रापासून राखणारे बांध. डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी आता त्यात उठून दिसतात. पूर्वेकडे नजर टाकावी तर डोंगर: साकशीचा किल्ला त्याच बाजूस, विनोबांचे गागोदेही तिकडचेच. कुडा खाऱ्या जमिनीत येत नाही. तो डोंगराच्या उतारांवर, सागाऐनाच्या जंगलाच्या कडेला, तोडलेल्या रानात येतो. कमरेएवढ्या झुडपापासून लहान वृक्षापर्यंत त्याची उंची. पाने समोरासमोर, पान खुडले की देठातून दूध येते. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुबके लागतात आणि पाऊस स्थिरावेपर्यंत ते टिकतात.

या फुलण्याच्या वेळेकडे लक्ष द्यावे. मृगाचा पाऊस पडला, ओढ्यांना गढूळ पाणी आले, विहिरींत वरचे पाणी उतरले की कोकणातल्या गावांत पूर्वी पोटाचे विकार सुरू होत. आमांश, हगवण, मुरडा हे शब्द आजीच्या तोंडी असत ते उगाच नव्हे. त्याच दिवसांत कातकरी आणि ठाकर बाया रानभाज्या घेऊन पेणच्या बाजारात बसतात, आणि त्यांत कुड्याची फुले असतात. पुढे कोवळ्या शेंगा येतात. त्या उकडून, कडू पाणी पिळून टाकून त्यांची भाजी करतात. घरातल्या जाणत्या बाईजवळ कुड्याचे पाळ, म्हणजे मुळाची साल, सुकवून ठेवलेली असे. ते ताकात उगाळून आमांशाच्या रोग्यास द्यावयाचे. काही घरी बाळगुटीच्या साहित्यातही कुडा असे. सहाणेवर त्याचे दोन वळसे आईच्या हिशेबाने पडत. आजार आणि उतारा एकाच नक्षत्रात, एकाच डोंगराच्या पायथ्याशी भेटत असल्यामुळे हे ज्ञान पोथीची वाट पाहत थांबले नाही.

परंतु पोथीतही ते आहेच. संस्कृतात याचे नाव कुटज. वत्सक, गिरिमल्लिका ही त्याचीच नावे. बियांना इंद्रजव म्हणतात, कारण त्या जवासारख्या दिसतात. रामाच्या सैन्यातील मेलेल्या वानरांवर इंद्राने अमृताचा वर्षाव केला, तेव्हा वानरांच्या अंगावरून जे थेंब निथळले त्यांतून कुटज उगवला, अशी कथा सांगतात. कालिदासाच्या यक्षाने मेघाचे स्वागत केले ते कुटजाच्याच ताज्या फुलांनी. रसिकांनी हे वाचले आहे, पण त्या यक्षाला दुसरे फूल का मिळाले नाही हा विचार क्वचितच केला असेल. आषाढात डोंगरावर जे भरपूर फुललेले असते तेच त्याने उचलले! वैद्यांनी या झाडापासून कुटजारिष्ट, कुटजावलेह, कुटजघनवटी हे योग सिद्ध केले, आणि ते आजही आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात मिळतात.

चरकाने कल्पस्थानात वत्सकासाठी एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यात तो कुटजाचे दोन प्रकार सांगतो: पुरुष आणि स्त्री. पुरुष कुटजाची फळे मोठी, फुले पांढरी, पाने तुळतुळीत. स्त्री कुटजाची फुले काळसर तांबूस आणि फळे लहान. म्हणजे कुडा नावाखाली दोन झाडे आहेत ही जाणीव फार जुनी आहे. मात्र ती दोन निराळ्या कुळींची झाडे न मानता एकाच जातीचे नर-मादी मानण्यात आली. घोटाळ्याचे बीज येथेच पडले असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत आपण पांढरा कुडा आणि काळा कुडा म्हणतो. ही नावेही फसवी आहेत, कारण काळा कुडाही पांढराच फुलतो. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत पांढरा कुडा होलऱ्हीना या प्रजातीतला आणि काळा कुडा राइटिया या प्रजातीतला. दोन्ही कण्हेरीच्या कुळातील. दोन्हींना दूध, दोन्हींना समोरासमोर पाने, दोन्हींना जोडीने लागणाऱ्या लांब शेंगा. दुरून पाहणाऱ्याला फरक कळू नये हे साहजिक आहे. जवळ जाऊन पाहावे. पांढऱ्या कुड्याच्या फुलात पुंकेसर नळीच्या तळाशी दडलेले असतात. वरून दिसत नाहीत. काळ्या कुड्याच्या फुलात ते बाहेर डोकावतात, त्यांचा शंकू होतो आणि भोवती पांढरी झालर असते. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या. काळ्याच्या शेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. शेंग तडकून म्हातारी उडू लागली की पाहावे: पांढऱ्याच्या बीला केसांचा झुबका वरच्या टोकास, काळ्याच्या बीला खालच्या. आणि सर्वांत सोपी परीक्षा जिभेची. बाजारात कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव असे दोन प्रकार असतात. कडू ते पांढऱ्या कुड्याचे, औषधी. गोडे ते काळ्याचे.

काळा कुडा निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या पानांतून निळा रंग निघतो. त्याचे पांढरे, गुळगुळीत लाकूड कातकामास उत्तम; कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत खेळणी त्याचीच होत. दक्षिणेतील सिद्धवैद्य त्याच्या पानांचे तेल त्वचेच्या रोगांवर वापरतात. त्याची स्वतःची गुणवत्ता आहे. तो खोटा ठरतो तो दुसऱ्याच्या नावावर विकला जातो तेव्हाच.

आता युरोपीयांकडे वळू. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच आपला संवादग्रंथ छापला. मुंबई बेट काही काळ याच ओर्ताकडे पट्ट्याने होते. त्याच्या ग्रंथातील एक संवाद हगवणीवरील मलबारी औषधीविषयी आहे, आणि ती औषधी म्हणजे कुडाच असे अभ्यासक मानतात. पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला; त्याचा पहिला खंड १६७८ साली आम्स्टरडॅममध्ये निघाला. या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य त्याच्या साहाय्यास होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रशस्तिपत्र ग्रंथात छापलेले आहे. त्यात ‘कोडगपाल’ या नावाने कुड्याचे वर्णन आहे. अठराव्या शतकात ही साल ‘कोनेसी’ किंवा ‘तेलीचेरी’ साल या नावांनी युरोपातील औषधविक्यांकडे पोहोचली.

आणि येथे नाव घसरले. १७५३ मध्ये लिनीयसने वनस्पतींना दुहेरी नावे दिली तेव्हा कोडगपाल त्याने कण्हेरीच्या प्रजातीत घातले आणि त्याला ‘अतिसारघ्न’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण लावले. पण त्या एका नावाखाली सिलोनचे एक निराळे झाड आणि आपला कुडा यांची सरमिसळ होती. पुढे १८१० च्या निबंधात रॉबर्ट ब्राउनने राइटिया आणि होलऱ्हीना या दोन प्रजाती वेगळ्या केल्या. राइटिया हे नाव विल्यम राइट या स्कॉटिश वैद्याच्या स्मरणार्थ. होलऱ्हीना हे नाव ग्रीक शब्दांवरून, त्याचा रोख पूर्ण परागकोशांकडे. प्रजाती वेगळ्या झाल्या खऱ्या, पण ‘अतिसारघ्न’ ही पदवी राइटियाकडे गेली! म्हणजे रोग बरा करणारा एक, आणि पदवीचा धनी दुसरा. आज शास्त्रज्ञ पांढऱ्या कुड्याला होलऱ्हीना प्यूबेसेन्स म्हणतात. त्या विशेषणाचा अर्थ केवळ ‘लवदार’ असा आहे. अतिसाराचे बिरुद त्याच्या आजच्या नावातून गेले आहे.

पुस्तकातली चूक पुस्तकात राहिली असती तर फारसे बिघडले नसते. परंतु व्यापारी पुस्तकातील नाव पाहून माल मागवतो, आणि रानातून माल आणणाऱ्यास साल तोलून पैसे मिळतात. कोनेसी सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाऊ लागली. सुकलेली साल ही सुकलेली साल. तिच्यावर फूल नाही, शेंग नाही. युरोपातील डॉक्टरांनी ती वापरून पाहिली, कधी गुण आला, कधी आला नाही, आणि अखेर त्यांनी ती टाकून दिली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सरकारी औषधभांडारावर काम करणाऱ्या विल्यम डायमॉकसारख्या जाणकारांनी या अपकीर्तीचे कारण म्हणून ही भेसळच दाखविली आहे.

या घोटाळ्यातून वाट काढण्याचे पहिले रासायनिक काम आपल्या मुंबईत झाले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? १८५८ साली मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात डॉ. हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १८६४ मध्ये इंग्लंडात स्टेनहाउस यांनी बियांतून तेच द्रव्य काढले आणि त्याला ‘राइटीन’ म्हटले, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे बिया राइटियाच्या होत्या! झाडाची चूक आता रसायनाच्या बाटलीवरही लागली. सुदैवाने ते नाव टिकले नाही. ‘कोनेसीन’ हे नाव रूढ झाले. १८८६ मध्ये जर्मनीत पोलस्टॉर्फ आणि शिर्मर यांनी आफ्रिकेतील होलऱ्हीनाच्या सालीतही कोनेसीन दाखविले. पश्चिम आफ्रिकेतले लोकही ती साल हगवणीवरच वापरीत. दोन खंडांतल्या लोकांनी एकमेकांची वार्ता नसताना एकाच प्रजातीचे झाड एकाच रोगावर लावावे, आणि रसायनाने दोघांचीही साक्ष पटवावी, ही साधी गोष्ट नव्हे.

कोनेसीनच्या रेणूत चोवीस कार्बन, चाळीस हायड्रोजन आणि दोन नायट्रोजन अणू असतात. त्याचा सांगाडा स्टेरॉइडाचा आहे. म्हणजे शरीरातील कोलेस्टेरॉल आणि कित्येक हार्मोने यांच्याच घराण्यातला. त्याची रचना उलगडण्यास पुष्कळ काळ लागला, आणि १९६२ मध्ये अमेरिकेतील दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. सालीत कोनेसीन एकटे नसते; कोनेसीमीन, होलऱ्हेनीन, कोन्कुर्चीन अशी भावंडे त्याच्यासोबत असतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. अस्सल साल दिली तरी काही रोग्यांस गुण येत नसे, तो का? याचे उत्तर झाडात नव्हे, रोगात होते. १८७५ मध्ये रशियात लॉश याने हगवणीच्या रोग्याच्या मळात अमीबा पाहिला. १८९७ मध्ये जपानात शिगा याने हगवणीचाच एक जिवाणू शोधला. म्हणजे आपण ज्याला एकच आमांश म्हणत होतो ते दोन निराळे रोग होते! कुड्याचे अल्कलॉइड अमीबावर चालते. शिगाच्या जिवाणूवर त्याची मात्रा तशी लागू पडत नाही. एका नावाची दोन झाडे, तसे एका नावाचे दोन रोग. योग्य झाड योग्य रोगास भेटले तर चमत्कार, नाही तर नामुष्की. शेकडो वर्षांच्या उलटसुलट अनुभवांचा उलगडा एवढ्या एका वाक्यात होतो.

१९१२ मध्ये कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटीनची टोचणी अमीबाच्या हगवणीवर रूढ केली. एमेटीन दक्षिण अमेरिकेतल्या इपेकाक मुळातून येई; महाग, आणि हृदयास घातक. साहजिकच देशी औषधाकडे दृष्टी वळली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड नावाचे औषध प्रचारात आले. कुर्ची हे कुड्याचे बंगाली नाव. पेणच्या डोंगरात उगवणारे झाड मुंबईच्या औषधालयात परत आले ते बंगाली नावाने, इंग्रजी लेबल लावून!

महाराष्ट्रातील लोक या कामी स्वस्थ बसले होते असे नव्हे. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधींवर पुस्तक लिहिले. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे नाव साहित्याच्या वाचकांस टेनिसनवरून रचलेल्या ‘इंदिरा’ काव्यामुळे आठवेल. तेच गृहस्थ लष्करी डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बामनदास बसूंसह त्यांनी रचलेला भारतीय औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये बाहेर पडला. डॉ. वामन गणेश देसाई यांनी १९२७ मध्ये ‘ओषधिसंग्रह’ मराठीतच लिहिला. वैद्यकीची पोथी, वनस्पतीची कुळी आणि रसायनाची कुपी यांची गाठ मराठी वाचकासाठी घालून देणारे असे ग्रंथ आपल्या भाषेत झाले, याचा आपण अभिमान बाळगावा आणि ते वाचावेतही.

कुर्चीचा हा काळ फार टिकला नाही. शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेत दिले की काही रोग्यांची झोप उडे, हात कापत, मन अस्वस्थ होई. १९६६ पासून मेट्रोनिडॅझोल हे कृत्रिम औषध अमीबावर वापरले जाऊ लागले आणि कुर्चीची गरज उरली नाही. आज आमांश झाला तर मळ तपासून डॉक्टरचे औषध घ्यावे हेच शहाणपणाचे. रानातली साल उकळून पिण्याचा सल्ला कोणीही देऊ नये, विशेषतः जिला साल कोणत्या झाडाची हेच ओळखता येत नाही अशा पिढीला तर नाहीच.

तथापि झाडाची कहाणी संपली नव्हती. २००८ च्या सुमारास औषधसंशोधकांना असे आढळले की कोनेसीन मेंदूतील हिस्टामिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला अडवते. हा ग्राहक झोप आणि जागृती यांच्याशी संबंधित आहे. जुन्या रोग्यांची झोप उडत असे त्या तक्रारीचे मूळ येथे असावे असा तर्क करण्याचा मोह होतो. कोनेसीन आहे तसे औषध म्हणून चालले नाही. पण त्याच्या सांगाड्यावरून नवे रेणू घडविण्याचे प्रयत्न झाले. एका शतकाने ज्याला दोष म्हटले त्यातच दुसऱ्या शतकाला वाट दिसते. म्हणून झाड जपून ठेवावयाचे असते. त्याचे काम संपले हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही एका पिढीला नाही.

आणि झाडाबरोबर आणखी एक गोष्ट जपावयाची असते: ओळख. कुटजाच्या औषधांना मागणी आहे तोवर साल रानातूनच येणार. साल सोलण्याच्या दोन रीती आहेत. उभ्या झाडाची साल चहूबाजूंनी ओरबाडली की झाड वाळते. तेच खोड जमिनीपासून थोडे वर तोडून त्याची साल घेतली, तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात; कुडा या बाबतीत फार चिवट आहे. पण मुरमासाठी आणि भरावासाठी टेकडीच खणून नेली, तर धुमारे कोठे फुटणार? वडखळच्या आसपास रस्ते रुंद होत आहेत, कारखाने वाढत आहेत. ते लोकांना हवेही आहेत. त्यांच्या हिशेबात टेकडी म्हणजे इतके घनमीटर माती. तीवर काय उगवत होते याचा रकाना त्या कागदात नसतो.

लिनीयसच्या ग्रंथात जी झाडे एकमेकांत मिसळली, स्टेनहाउसच्या प्रयोगशाळेत ज्यांची नावे उलटली, युरोपच्या बाजारात ज्यांच्या साली एका पोत्यात गेल्या, ती दोन झाडे कातकरी बाई भाजी खुडताना वेगळी ठेवते. कोणते कडू, कोणते गोडे, कोणती शेंग सुटी, कोणती जोडलेली, हे तिला पोटाने शिकविलेले असते. औषधाचा माल विकत घेणाऱ्या संस्थांनी साल सूक्ष्मदर्शकाखाली तपासावीच. परंतु त्याआधी ती आणणाऱ्या बाईला विचारावे आणि तिच्या ओळखीचे दाम तिला द्यावेत. पिशवीवर ‘कुडा’ एवढेच लिहून भागणार नाही. पांढरा की काळा, कोणत्या डोंगरावरचा, कोणत्या महिन्यातला, हेही लिहिले पाहिजे. ते न लिहिल्याची किंमत या झाडाने एकदा मोजलेली आहे.